विहाराच्या कपाटातला चष्मा

आमच्या गावच्या विहारात भिंतीला लागून एक लोखंडी कपाट आहे. त्यात पांढऱ्या कापडात बांधलेला ग्रंथ असतो आणि ग्रंथावर एक चष्मा असतो. पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, रोज संध्याकाळी ग्रंथ बाहेर निघतो. त्याच्याबरोबर चष्माही निघतो. ज्याची वाचायची पाळी असेल त्याने आधी हात धुवायचे, मग चष्मा लावायचा, मग कापड सोडायचं. त्याचे डोळे कसे आहेत हे कोणी विचारत नाही. मी सातवीत असताना पहिल्यांदा वाचायला बसले तेव्हा तो मलाही लावला होता. समोर सगळं धुकं. मागून कोणीतरी माझी मान हळूच खाली दाबली आणि म्हणालं, "वाक अजून, म्हंजे दिसते."

नाक पानाला टेकायला आलं तेव्हा अक्षरं दिसली. हरभऱ्याएवढी मोठी. दोन पानं वाचून उठले तेव्हा कपाळ ठणकत होतं. मला वाटलं, ग्रंथ वाचणं हे कामच अवघड असेल.

हा चष्मा ज्यांचा होता ते आजोबा मी लहान असतानाच गेले. त्यांनी पुष्कळ वर्षं वाचन केलं होतं. ते गेल्यावर घरच्यांनी चष्मा विहाराला दिला आणि तो ग्रंथावर ठेवला गेला. तेव्हापासून तो वाचनाचा चष्मा. त्यांच्या डोळ्यांबरोबर त्याचं कामही संपलं, असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही. बुलढाण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जाऊन दोन वर्षं झाली तरी आलं नाही, हे आधीच कबूल करते.

ते मनात आलं आईमुळे.

आई सहावीपर्यंत शिकलेली. आमच्या घरात माझ्या आधी सगळ्यांत जास्त शिकलेली तीच. वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी, आश्विन पौर्णिमेला, ग्रंथाचं शेवटचं पान ती वाचते. हे कोणी कागदावर लिहून दिलेलं नाही, पण कित्येक वर्षं तसंच चाललं आहे. त्या दिवशी ती दुपारपासून कोणाशी फार बोलत नाही. पांढरी साडी नेसून आरशासमोर उभी राहते आणि ओठ हलवून पाहते. वर्षभर सोयाबीन, कपाशी, दुसऱ्याच्या वावरातलं निंदण. त्यात हे एक पान तिचं.

गेल्या वर्षापर्यंत ती तो चष्मा लावून न लावल्यासारखा करायची. नाकाच्या शेंड्यावर ठेवायचा आणि वरून पाहून वाचायचं. यंदा वरून दिसेना. मग तीही वाकायला लागली. आमच्याकडे ग्रंथ चौरंगावर ठेवतात, हातात घेत नाहीत. त्यामुळे वाकायचं म्हणजे पाठीचं धनुष्य करून तोंड थेट पानात घालायचं. आवाज पानावर आपटतो आणि तिथंच राहतो. माईकचा डबा दोन वर्षांपासून नुसती शिट्टी वाजवतो, म्हणून तो लावत नाहीत. मागे बसलेल्या बायका एकमेकींना विचारायच्या, "काय म्हणे व?"

मी शनिवारी दुपारची एसटी धरून घरी येते. बुलढाण्याहून मेहकर, मेहकरहून जानेफळची गाडी, आणि मग मिळेल ते. शनिवारची पाळी आईची असते, म्हणून त्या संध्याकाळी मी विहारात होते. आईचं वाचून झालं. विहाराच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते काका उभे राहिले. भला माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही.

"वैनी, राग नका मानू," ते म्हणाले, "पण मागं काही आयकू येऊन नाई राह्यलं. पौर्णिमेले पाहुणे येतेत. मी म्हणतो, यंदाचं शेवटचं पान त्या दहावीच्या पोरीले देऊ. तिचा आवाज खणखणीत आहे."

"हाव, द्या ना," आई म्हणाली. चष्मा पुसून ग्रंथावर ठेवला. घरी भाकरी भाजताना तव्यावर जोर निघत होता.

मी म्हटलं, "आई, तुझा आवाज बसलेला नाही. तू वाकतेस म्हणून ऐकू येत नाही. आणि तू त्या चष्म्यामुळे वाकतेस."

"चष्म्यानं तं दिसते."

"दिसतं, पण एवढ्या जवळूनच दिसतं. तो चष्मा तुझ्यासाठी नाहीच."

"कोणासाठी नाई त्यो. वाचनासाठी आहे."

तो चष्मा नक्की किती नंबरचा आहे ते मोजायचं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडून किल्ली मागितली. त्यांना वाटलं, पोरगी झाडझूड करायला आली. मी चष्मा काढला आणि दाराच्या समोरच्या भिंतीजवळ गेले. आत अंधारं होतं, बाहेर ऊन लख्ख. कॉलेजात भिंगाचं नाभीय अंतर ढोबळ काढायचं असलं की सर हेच करायला लावतात: दूरची उजेडातली वस्तू घ्या, भिंग मागेपुढे करा, चित्र भिंतीवर स्पष्ट झालं की अंतर मोजा. मी चष्मा भिंतीपासून हळूहळू लांब नेला. आधी नुसता उजेडाचा डाग. मग डागाला कडा आल्या. मग भिंतीवर बोटभर दार उमटलं, दारातून दिसणारं लिंबाचं झाड उमटलं, त्याची पानंही हलत होती. सगळं उलटं. मी पट्टी लावली. सतरा सेंटिमीटरच्या थोडं पुढे. शंभर भागिले सतरा, म्हणजे साधारण सहा नंबरचा चष्मा. सहा! आणि हा आम्ही सातवीतल्या पोरींना लावत होतो.

मला इतका आनंद झाला की मी काकांना आणि आईला बोलावलं. माझी चूक.

काका भिंतीजवळ वाकले. "अबब! झाड खाली डोकं वर पाय!"

"ते उलटंच दिसणार काका, ते सोडा. हे अंतर पाहा, सतरा—"

"म्हणूनच तं!" काका वळून आईला म्हणाले, "वैनी, पाह्यलं का? ह्या चष्म्यात उलटं दिसते. तरीच माणसाचं डोकं दुखते!"

"काका, तसं नाही. डोळ्याला सरळच दिसतं. उलटं फक्त भिंतीवर—"

"मंग भिंत खोटी बोलून राह्यली का?"

अर्ध्या तासात आळीतल्या चार बाया झाड पाहायला आल्या. प्रत्येकीने एकदा उलटं झाड पाहिलं, एकदा चष्म्याकडे पाहिलं आणि प्रत्येकीने मान हलवली. सतरा सेंटिमीटर कोणालाच नको होते.

घरी आल्यावर मी वहीवर रेघा काढून आईला समजवायला बसले. काच मध्ये जाड, कडेला पातळ. मधून जाणारा किरण सरळ जातो, कडेचा जास्त वळतो, आणि सगळे पलीकडे एका ठिकाणी भेटतात. आई म्हणाली, किरण वळतोच कशाला, त्याला काय पडलंय? पुस्तकातलं वाक्य मला पाठ होतं, पण ते इंग्रजीत होतं, आणि त्याचं मराठी केल्यावर ते आणखी कठीण झालं. खाटेवर बसलेले बाबा मध्येच म्हणाले, "काचेत जाऊन हळू होत असन त्यो."

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"वखराले दोन बैल असतेत. एक बैल चिखलात पाय घालून हळू झाला की वखर त्याच अंगानं वळते. ह्यात काय शिकाचं आहे?"

मी दोन वर्षं जे घोकत होते ते एवढंच होतं. तिरप्या काचेवर किरणांच्या ओळीतलं एक टोक आधी पोचतं, ते हळू होतं, आणि ओळ त्या बाजूला वळते. मला बरंही वाटलं आणि रागही आला. आईला तर लगेच पटलं. तरी ती म्हणाली, "बराबर आहे. पण चष्मा त्योच लावाचा असते."

मग मी ठरवलं की बोलणं पुरे, करून दाखवायचं. डोळे तपासायला चल म्हटलं तर सोयाबीनची सोंगणी आली होती. "मले काय झालं डोळ्याले? वावर दिसते, बैल दिसते, तू दिसतेस," असं म्हणून ती मोकळी. म्हणून मी स्वतःच मोजलं. ग्रंथातल्याएवढ्या अक्षरांचा एक कागद घेतला आणि तिच्यासमोरून मागे मागे सरकत गेले. "आता?" "नाई." "आता?" "नाई व." चुलीपासून दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाली, "आता आलं." बरोबर एक मीटर.

डोळ्यातलं भिंग जवळ पाहताना फुगतं आणि लांब पाहताना सपाट होतं. वय झालं की ते ताठरतं, फुगत नाही. दहावीलाच होतं हे आम्हाला. त्याचं मोठं नाव मी परीक्षेत न चुकता लिहिलं होतं, आणि ते आपल्या घरात चुलीसमोर बसलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. निरोगी डोळ्याला पंचवीस सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसलं पाहिजे, असं पुस्तक म्हणतं. तसंच भागून पंचवीस सेंटिमीटरला शक्ती लागते चार. आईकडे, एका मीटरच्या हिशेबाने, आहे एक. चारातून एक गेला, उरले तीन. मी बुलढाण्याला गेले आणि बसस्टँडजवळच्या दुकानातून तीन नंबरचा तयार चष्मा घेतला. दुकानदाराने विचारलं, कोणाला? मी म्हटलं, आईला. कोणी तपासलं? मी म्हटलं, मी. हे सांगताना माझी मान किती ताठ झाली असेल, ते आता आठवायला नको वाटतं.

पुढच्या शनिवारी मी तो घेऊन आले. पौर्णिमेला आठ-नऊ दिवस उरले होते. आईने घरात चष्मा लावला, वर्तमानपत्र हातात धरलं आणि बारीक अक्षरातली जाहिरातसुद्धा धडाधड वाचली. सुईत दोरा एका दमात ओवला. बाबा म्हणाले, "आता माह्या शर्टाची गुंडी लावून दे, चार महिने झाले." मी मनातल्या मनात स्वतःला शंभरपैकी शंभर दिले.

संध्याकाळी विहारात आई चौरंगापुढे बसली, ताठ. माझा चष्मा लावला. कापड सोडलं. पानाकडे पाहिलं आणि चष्मा नाकावर मागेपुढे केला.

मी मागून खुणेने विचारलं, काय झालं? तिने पुन्हा पाहिलं. थोडी वाकली. अजून वाकली. पहिल्यापेक्षा कमी, पण वाकली. मग तसंच अवघडून दोन ओळी वाचल्या. मागची बाई म्हणालीच, "मोठ्यानं!" आईने माझा चष्मा काढून मांडीवर ठेवला, जुना लावला आणि नाक पानात घातलं.

काका माझ्याकडे पाहून हसले. "का मॅडम, कॉलेजचा चष्मा फेल झाला का?"

बाहेर आल्यावर मी आईवर चिडले. आज लिहिताना वाईट वाटतं, पण चिडले. "घरी तर वाचत होतीस! तिथे काय झालं? ग्रंथ उचलून हातात धरायचा ना!"

"ग्रंथ हातात?" ती रस्त्यातच थांबली. "मी का पेपर वाचून राह्यली तिथं? चौरंगावरचा ग्रंथ उचलाचा नसते."

"असं कुठे लिहिलंय? ग्रंथात लिहिलंय का? दाखव."

"दाखवते ना. चष्मा दे चांगला, मंग दाखवते."

रविवारी मी हिशेब तीनदा तपासला. तो बरोबर होता. उत्तर बरोबर आणि माणसाला दिसत नाही, याचा अर्थ मला लागेना. शेवटी सोमवारी मी कॉलेज बुडवलं, आईची सोंगणी बुडवली आणि तिला जवळजवळ ओढत तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. रांगेत दोन तास ती एकच वाक्य म्हणत होती: "एवढ्या वेळात अर्धं वावर सोंगून झालं असतं."

डोळे तपासणाऱ्या बाई आईच्याच वयाच्या होत्या. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, लांबची अक्षरं वाचून घेतली. ती तिने सगळी वाचली. मग जवळचा तक्ता हातात देण्याआधी त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही वाचता कुठं? पुस्तक कुठं ठेवता?"

आई खुर्चीतून उठली आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसली. समोर हवेत हात ठेवून म्हणाली, "इथं चौरंग. इथून माह्या डोळ्यापर्यंत दोन विती चार बोटं."

"मोजलंय?" बाईंना हसू आलं.

"मोजलं ना. परवाच्या दिवशी."

मी भिंतीला टेकून उभी होते. दोन विती चार बोटं म्हणजे पन्नास सेंटिमीटर. पंचवीस नव्हे. पुस्तकातला माणूस पुस्तक हातात धरून बसलेला असतो. त्याला चौरंग माहीत नाही. माझा तीन नंबर त्याच्यासाठी होता, आणि त्या चष्म्यातून दीड वितीपलीकडचं सगळं पुसट दिसणार, हे मला त्याच सूत्रातून कळायला हवं होतं. मी सहा नंबरच्या चष्म्याला हसत होते. तो निदान दुसऱ्या कोणाच्या तरी खऱ्या डोळ्यांचा होता. माझा तर कोणाच्याच डोळ्यांचा नव्हता.

बाईंनी चौकटीत एकेक काच घालत, आईला तसंच खाली बसवून, पुढ्यात स्टूल ठेवून वाचायला लावलं. दीडवर ती थांबली. "हे," आई म्हणाली. पाठ सरळ होती.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "तू मोजलं होतंस तर आधी काऊन नाही सांगितलं मला?"

"तू इचारलं का? तू तं नुसती मागं मागं सरकत होती कागद घेऊन." आणि खिडकीबाहेर पाहत पुढे म्हणाली, "त्या बाईनं इचारलं."

मला तिकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब करायचा होता, आईला सांगत सांगत केला. पन्नास सेंटिमीटरला दोन. आईकडे एक आहे, पण सगळा जोर लावून कोणी तासभर वाचत नाही, म्हणून त्यातला अर्धाच धरायचा. दोनातून अर्धा गेला, दीड. एवढं सोपं होतं. मी तिकीट चुरगाळून टाकलं.

चष्मा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मिळाला. पण काकांनी दहावीच्या मुलीला सांगून ठेवलं होतं आणि ती पौर्णिमेला तयारी करून आली होती, आईच्या शेजारीच पांढऱ्या ड्रेसमध्ये बसलेली. विहार भरला होता. बाहेर खिरीचं पातेलं झाकून ठेवलं होतं. मी काकांजवळ गेले आणि म्हटलं, आईला एकदा वाचू द्या. भिंग, अंतर, सूत्र, यांतलं काही तोंडातून निघालं नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. चार ओळी वाचू दे तिले. तू मागं जाऊन बस, चपलांजवळ. तुले आयकू आलं तं वैनीचं पान, नाई आलं तं पोरीचं. खरं सांगजो पण."

मी दारात चपलांजवळ जाऊन बसले. समोर माणसांच्या पाठीच पाठी. आई मला दिसत नव्हती. ती नेहमीसारखी वाकली असती तरी दिसली नसती, म्हणून काहीच कळेना. मग पुढच्या दोन माणसांच्या खांद्यांमधून मला पांढऱ्या पदराचा काठ आणि त्यावर ताठ मान दिसली, आणि आवाज आला.

फार मोठा नव्हता. आईचा आवाज मोठा नाहीच. पण तो पानावर आपटून थांबला नाही, माणसांवरून सरळ दारापर्यंत आला. एका अवघड शब्दावर ती अडखळली, थांबली, तो शब्द पुन्हा नीट वाचला आणि पुढे गेली. पहिल्या चार ओळी संपल्या तेव्हा काकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला. घाईत दोन्ही वर केले. दहावीची मुलगी वळून हसली आणि मांडी बदलून ऐकायला बसली. आईने पान शेवटपर्यंत वाचलं.

खीर वाटून झाली, लोक पांगले. मी आत गेले तेव्हा आई ग्रंथ कापडात बांधत होती. गाठ मारली, ग्रंथ कपाटात ठेवला. मग नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला, घडी घातली आणि ग्रंथावर, जुन्या चष्म्याच्या शेजारी ठेवून दिला.

"आई!" मी म्हटलं. "काय करतेस? तो तुझा आहे. तुझे डोळे तपासून केलाय. दुसऱ्या कोणी लावायचा नाही तो. एवढं सगळं केलं ते कशासाठी?"

"माह्या डोळ्याचा कसा?" ती म्हणाली. "तूच तं गाडीत सांगत होती, चौरंगाच्या अंतराचा आहे म्हणून. चौरंग का मी घरी नेऊन राह्यली?"

"हो, पण अंतर चौरंगाचं आणि डोळे तुझे, दोन्ही मिळून—"

"जुना बी राहू दे," काका किल्ली फिरवत म्हणाले. "ज्याले जो जमन तो त्यानं लावाचा. आता दोन झाले. काऊन मॅडम, बराबर आहे ना?"

बरोबर नव्हतं. पण पुरतं चूकही नव्हतं. पन्नाशीच्या आसपासच्या चार-पाच जणींना तो चौरंगापुढे खरंच चालला असता. काकांनी कपाट लावलं. वाटेत आईने माझा तीन नंबरचा चष्मा मागितला, घरी सुईत दोरा ओवायला. तो चांगला चालते म्हणाली.